धुरपताची थांबायची जागा

गुंजनला कोणी सांगितलं नव्हतं, तिथंच घोळ झाला. लग्न होऊन गोंदियाहून नुकतीच आलेली ही सून सासूबरोबर चहा घेऊन भाताच्या बांधीवर आली, कडेच्या धुऱ्यावर बसली आणि चिखलात धान रोवणाऱ्या बायांकडे बघून म्हणाली, "धुरपता काकू, तुमची ती पाण्यातल्या आवाजाची गोष्ट सुनाओ ना! माझ्या नणंदेला ऐकून बुखार आला होता म्हणे."

सगळ्या बायांचे हात थांबले.

"चूप बस वो," तिची सासू शकुंतलाबाई खेकसली. "कायले पाहिजे तुले गोष्ट? चहा दे सगळ्याईले."

"काऊन, काय झालं?"

आता काय झालं ते धुरपताच्या तोंडावर कोण सांगणार? नवेगाव बांधच्या तळ्याला लागून शकुंतलाबाईची शेती. तिथं रोवण्याला धुरपता नसली तर बाया नाखूश असायच्या, कारण तिच्या गोष्टीत कंबरेचं दुखणं विसरायला व्हायचं. गोष्ट तशी साधी. एक बाई तळ्यावर धुणं धुतेय, नवरा डोंगा घेऊन मासे धरायला गेलाय. पाण्यातून त्याच्याच आवाजात हाक येते, "अवो, ये ना वो, हात दे!" जी ओ देईल ती गेली. पाण्यात काय आहे ते धुरपतानं कधीच सांगितलं नाही. भूत दाखवलं की बाया हसतात, हे तिला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. ती आपली साबण संपल्याचं सांगायची, चुलीवर ठेवलेल्या भाताचं सांगायची, आणि आवाज इतका खाली आणायची की ऐकायला बायांना पाण्यातले पाय थांबवावे लागायचे. मग ती स्वतःच थांबायची.

आणि तेवढ्यात तळ्यातून खरंच हाक यायची. "अवो, ये ना वो, हात दे!"

तो बकाराम असायचा, तिचा नवरा. बेशरमाच्या झुडपांपलीकडे डोंग्यात बसून तो जाळं टाकायचा आणि बांधीतल्या बाया एकदम स्तब्ध झाल्या की ओळखायचा, आली आपली पाळी. बायांची बोबडी वळायची. कोणी चिखलात बसायची, कोणी त्याच्या सात पिढ्या उद्धरायची. धुरपता सगळ्यांत मोठ्यानं शिव्या द्यायची आणि तिचा चेहरा मात्र नव्या नवरीसारखा फुललेला असायचा. असं कौतुक आपल्या वाट्याला आलं नाही, म्हणून दोघी-चौघी मनात जळायच्याही.

मागच्या साली हाक आधीच आली. गोष्ट अजून साबणापाशीच होती.

"घाई झाली याले," धुरपता चिडून म्हणाली. तिनं चिखलाचा हात वर केला. "कोणी ओ देऊ नका." हाक पुन्हा आली. "हात दे वो!" त्यानंतरची अर्धीच आली. "आज लय मस्त सोंग केलं बुढ्यानं," एक बाई म्हणाली आणि सगळ्या हसल्या. धुरपता हसली नाही. गोष्ट बिघडवली म्हणून ती रागात होती, आणि त्या रागातच तिनं अख्खी ओळ रोवली. बकाराम चहाला आला नाही तेव्हा तिनं झुडपांकडे पाहिलं. डोंगा उलटा होता. बकारामला बाहेर काढलं तेव्हा जाळं त्याच्या पायाला गुंडाळलेलं होतं.

त्या दिवसापासून तिनं गोष्ट सांगितली नव्हती. बायांनीही विचारली नव्हती. ती थांबायची जागा आता धुरपताला ओलांडता येणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं, आणि सगळ्यांच्या आधी तिला स्वतःला.

"राहू द्या बाई," ती शकुंतलाबाईला म्हणाली. "लेकरू मागून राहिलं. सांगते."

तिनं सुरुवात केली. धुणं आलं, साबण संपला, भात आला. आवाज खाली खाली गेला. गुंजन पाय पोटाशी घेऊन पाण्याकडे बघत होती. बाकीच्या बाया पाण्याकडे बघतच नव्हत्या, त्या धुरपताकडे बघत होत्या. भीती सगळ्यांनाच होती. गुंजनला पुढं काय येईल याची, बायांना पुढं काही येणार नाही याची. शकुंतलाबाईनं पदर तोंडाशी धरला. अजूनही हिला कोणीतरी गप्प करा, असं तिच्या मनात येत होतं, पण तिच्याच्यानं बोलवेना.

धुरपता त्या जागेपाशी आली आणि सवयीनं थांबली.

कोणाचा पाय हलला नाही. वारा पडला होता. धुरपता हातात पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची जुडी धरून वाट बघत उभी राहिली. किती वेळ गेला कोणास ठाऊक. एवढा वेळ ती पूर्वी कधीच थांबली नव्हती, कारण तशी पाळीच आली नव्हती.

"मग?" गुंजन कुजबुजली. "आवाज आला?"

धुरपता तळ्याकडे वळली.

"ओ," ती म्हणाली. मग बांधी दुमदुमेल इतक्या मोठ्यानं, "ओ जी! आली मी! आली!"

गुंजन दचकून उठली. हातातला चहा सांडला. "काकू, पण कोणी बोलावलंच नाही ना!"

"बोलावलं होतं, माय," धुरपता म्हणाली. "मागच्या साली."