काचेतलं अर्धं ऊन

मी एक जुनी खिडकीची काच आहे. मित्रांनो, माझ्यातून सगळे बाहेर पाहतात, माझ्याकडे मात्र कुणी पाहत नाही. आज जरा पाहा. मला एक गोष्ट कबूल करायची आहे.

भट्टीत वाळू वितळवून मला घडवले, हिऱ्याच्या कणीच्या टोकाने कापले आणि दुसऱ्या मजल्यावरच्या या खोलीत बसवले. ऊन, पाऊस, एकदा तर चेंडूसुद्धा मी निमूट सोसला. कोपऱ्यात तडा गेला, पण फुटले नाही. त्याचा मला केवढा तोरा होता!

या घरातले बाबा घड्याळे दुरुस्त करायचे. दुकान तळघरात. चाळीस वर्षे डोळ्याला भिंग लावून ते दिव्याखाली बसले. सकाळी लवकर खाली उतरायचे, ते सूर्य मावळल्यावर वर यायचे. मग पायांवर सूज आली, चार पायऱ्यांत धाप लागू लागली. हृदयाचे स्नायू कमजोर झालेत, असे निदान झाले. रक्तातले ड जीवनसत्त्वही पार तळाला गेले होते. डॉक्टरबाईंनी हृदयाच्या गोळ्या दिल्या, ड जीवनसत्त्वाची आठवड्याला एक पुडी दिली आणि रोज ऊन घ्यायला सांगितले.

"लोकांची घड्याळं चालवली, माझीच स्प्रिंग ढिली पडली," बाबा म्हणाले. लेक हसली नाही.

ती कंबर कसून कामाला लागली. माझ्याजवळ स्टूल मांडले. बाबांना वारा लागू नये म्हणून मला घट्ट कडी घातली आणि रोज कागदाने पुसून लख्ख ठेवले. "काय छान ऊन येतंय बघा, बाबा!" असे तिने म्हटले की मी फुशारून जायचे. ऊन मिळतेच आहे, मग इतक्या औषधांत आणखी एक कशाला, असा विचार करून तिने पुडी बंद केली.

चार महिन्यांनी बाबांना जिना उतरवेना, म्हणून डॉक्टरबाई घरी आल्या.

"खिडकी उघडून बसता ना?"

"छे हो, बंदच ठेवते. गार लागलं म्हणजे?"

"ताई, काचेतून ऊब येते. पण ज्या किरणांनी ड जीवनसत्त्व तयार होतं, ते काचेतच अडतात. आणि पुड्या?"

लेकीने खण ओढला. पुड्यांचे पाकीट खणात तसेच होते. मित्रांनो, मलाही काही ठाऊक नव्हते. नेमके हवे होते तेच मी बाहेर अडवून धरले होते.

त्या दिवसापासून मी उघडी राहिले, पुड्या सुरू झाल्या. बाबा तळहात उन्हात धरून बसायचे. अशा तेरा सकाळी गेल्या. चौदाव्या सकाळी स्टूल रिकामे होते.

"मी आधीच उघडली असती तर?" लेकीने डॉक्टरबाईंना विचारले.

"सांगता येत नाही, ताई. त्यांचं हृदय आधीच फार थकलं होतं."

ते 'सांगता येत नाही' आम्हा दोघींना जन्मभर पुरेल.

आता ती मला पुसत नाही. माझ्यावर धूळ साचली आहे, आणि त्याचे मला वाईट वाटत नाही. रोज सकाळी ती येते, कडी काढून मला भिंतीकडे सारते आणि बाह्या वर करून बाबांच्या स्टुलावर बसते. मित्रांनो, तुमच्या घरातले कुणी माझ्यासारख्या काचेआड ऊन खात बसले असेल, तर आधी कडी काढा. पुसायचे मग बघू.