महाराजांचे हात

भावाच्या लाँड्रीत त्या दुपारी मशिनं बंद होती आणि अकला गहाण पडल्या होत्या. इस्त्रीची टेबलं भिंतीकडे सारून पाणीवाल्या महाराजांना गादी घातली होती. समोर काचेच्या वाडग्यात ‘सिद्ध जल’. धुलाईचे कामगार एकेक करून ताज्या जलात हात बुडवत आणि पाणी गुलाबी होई.

“रोग उतरतोय,” महाराज डोळे मिटून म्हणत. मग तसल्याच ताज्या जलात स्वतःचे गुबगुबीत हात बुडवत. पाणी जसंच्या तसं. गर्दी धन्य.

धुलाई सांभाळणाऱ्या वहिनीचं पाणी सगळ्यांत गडद झालं. महाराजांनी चिमूटभर भस्म टाकलं, रंग गेला. “परवा थोडी उरली होती, आज साखर संपली, माई. सुया कायमच्या बंद.”

महाराज परवा पहिल्यांदा आले, तेव्हापासूनच वहिनीने इन्सुलिन सोडलं होतं. तोंड सुकलेलं, उभं राहायला टेबलाचा आधार. माझा संताप संताप झाला.

“ताई, तू गप्प बस,” भाऊ कुजबुजला. “डोळ्यांनी दिसतंय ना?”

“दिसतंय, म्हणूनच बोलणार.”

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. हा खेळ माझ्या वर्गातली मुलं जांभया देत करतात. मी धुण्याच्या सोड्यातली ओली चादर उचलली. “महाराज, जरा पिळू लागता? तेवढीच सेवा.”

एवढ्या लोकांत नाही कसं म्हणणार? पिळली बिचाऱ्यांनी.

“आता हात बुडवा.”

“आमची ध्यानाची वेळ झाली.”

इस्त्रीवाल्याने ताज्या सिद्ध जलाचा वाडगा पुढे सरकवलाच. पाणी गुलाबी झालं.

“अरेरे, तुम्हालाही साखर?” मी विचारलं. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. वहिनीला मी नळाखाली हात खळखळून धुवायला लावले आणि सिद्ध जलाच्या दुसऱ्या वाडग्यात बुडवायला सांगितले. रंगाचा पत्ता नाही.

“पाण्यात फिनॉल्फ्थॅलिन आहे,” मी म्हटलं. “तुमच्या हातांवरचा सोडा त्याचा प्रोटॉन काढून घेतो, ते गुलाबी होतं. भस्म म्हणजे लिंबाचं सत्त्व. ते प्रोटॉन परत देतं, रंग जातो. प्रोटॉनसकट ते आम्ल, प्रोटॉन गेला की आम्लारी. याला संयुग्मी जोडी म्हणतात. गिऱ्हाइकाने कोट काढला म्हणून माणूस बदलतो का? पदार्थ तोच.”

वहिनीच्या ‘रोगमुक्त’ वाडग्यात मी मूठभर सोडा टाकला. ढवळताच पाणी पुन्हा गुलाबी झालं. महाराजांच्या तोंडचं पाणी मात्र पळालं. झोळी सावरत ते दाराकडे निघाले.

“म्हणजे माझी साखर?” वहिनीने हळूच विचारलं.

“आहे तिथेच आहे. इन्सुलिन कुठाय?”

“फेकलं. महाराजांनीच सांगितलं फेकायला.”

भावाचा चेहरा उतरला. महाराजांकडे न बघता त्याने गाडीची किल्ली उचलली आणि वहिनीला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं.

वहिनी आता बरी आहे. माझं मागणं एवढंच आहे: चमत्कार दाखवणाऱ्याला आधी तुमच्या कामाला जुंपा, त्याचे हात तुमच्यासारखे होऊ द्या, मग चमत्कार बघा. आणि औषध सोडायचं की नाही, ते डॉक्टरला विचारा.