एमच्या जागी एन

मी एक जुना कळफलक आहे, मित्रांनो. कीबोर्ड म्हणून हाक मारलीत तरी ओ देईन. माझ्या अंगावर अठ्ठावन्न कळा आहेत आणि त्यांतली एकेक मी सोसलेली आहे. आजच्या कीबोर्डांसारखा मी सुटा नव्हतो. अख्खा संगणक माझ्याच पोटात होता. मला घरातल्या टीव्हीला जोडले, माहिती साठवायला शेजारी टेपरेकॉर्डर ठेवला, की काम सुरू!

कारखान्यातून निघालो तेव्हा माझा रंग बदामी होता. मला विकत घेणारे बाबा जमिनीचे नकाशे काढायचे. माणूस भारी नेटका. माझ्यावर धूळ बसायच्या आत फडके फिरायचे. त्यांच्या सहा वर्षांच्या लेकीला सगळे मनी म्हणत. एकदा तिने पेलाभर दूध माझ्यावर उपडे केले. बाबांनी सगळ्या कळा काढून धुतल्या, पुसल्या, परत बसवल्या, आणि एवढ्या नेटक्या माणसाने एम आणि एन या दोन शेजारणींची अदलाबदल केली! अक्षरे छापलेल्या वरच्या टोप्या बदलल्या, तरी खालच्या जागा आपापलेच अक्षर उमटवत राहिल्या. मनीने आपले नाव टाइप केले: एम, ए, एन, आय. पडद्यावर उमटले 'नमी'.

"बाबा, ही नमी कोण?"

बाबा पोट धरून हसले. "ही माझी मुलगी. फक्त माझी!"

ती चूक त्यांनी कधीच दुरुस्त केली नाही. तेव्हापासून ती जगाची मनी आणि बाबांची नमी.

पुढे नवे संगणक आले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तीस वर्षे तिथे काढली. मी पिवळा पडलो. फटींत धूळ साचली, एका झुरळाने तर संसारच थाटला. खोटे कशाला बोलू, मला फार वाईट वाटायचे.

मग एके दिवशी बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात थोडा सावरला, पण वाचा गेली. मनीने पुढे पाटी धरली, मोबाइल धरला. ते दोन्ही बाजूला सारत आणि माळ्याकडे बोट दाखवत. तिसऱ्या दिवशी तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तिने मला उतरवून जोडले, तर निम्म्या कळा मुक्या. एका घरात आम्ही दोघे मुके!

मनी मला फुंकरकाकांच्या दुकानात घेऊन गेली. पूर्वी ते टाइपरायटर दुरुस्त करत. काहीही उघडण्याआधी फुंकर मारत, म्हणून हे नाव.

"काका, बाबांना याच्यावरच काहीतरी लिहायचंय. होईल ना नीट?"

"बघू या. घाई मात्र करायची नाही हं, पोरी."

मित्रांनो, अशी बोटे मी आयुष्यात पाहिली नव्हती. वाकवलेल्या तारेने त्यांनी एकेक कळ अलगद उचलली आणि अंड्यांच्या ट्रेमध्ये ओळीने मांडली. टोप्या कोमट साबणपाण्यात धुतल्या. कळांखालचे, वीज जोडणारे ठिपके स्पिरिट लावलेल्या कापसाच्या काडीने पुसले. माझ्या अंगाला पिवळेपणा घालवणारे औषध चोपडून मला गच्चीवर उन्हात ठेवले आणि दर तासाला माझी कूस बदलली. शेवटी प्रत्येक कळ दाबून ते कान देऊन ऐकत. एक स्प्रिंग जराशी कुरकुरली, तर तिच्यासाठी त्यांनी अर्धा दिवस घालवला. मी पुन्हा बदामी झालो!

कळा परत बसवताना ते थबकले. "अरेच्चा, कुणा वेंधळ्यानं एम आणि एनची गल्लत केलीय!" आणि खुशीत त्यांनी ती दुरुस्त केली. मी ओरडणार कसा? कुणी कळ दाबल्याशिवाय मला बोलता येत नाही.

काका स्वतः मला घरी घेऊन आले. बाबांनी बोट उचलले. एम, ए, एन, आय. पडद्यावर आले 'मनी'.

"बाबा, माझं नाव!" मनीने टाळी वाजवली.

बाबांनी नकारार्थी मान हलवली. नाव खोडून पुन्हा लिहिले. पुन्हा 'मनी'. त्यांचे डोळे भरले आणि ते एमची कळ नखाने उपटू लागले.

"अहो, मोडेल ती!" काका धावले.

मनी मात्र पडद्याकडे पाहत राहिली होती. "काका, या दोन कळा तुम्ही हलवल्यात?"

"उलट्या होत्या, सुलट केल्या."

"त्या उलट्याच हव्यात, काका."

काकांचा चेहरा उतरला. पण ते वाद घालत बसले नाहीत. खिशातून तार काढली, दोन्ही कळा उचलल्या आणि चुकीच्या जागी अगदी बरोबर बसवल्या. "चाळीस वर्षांत मुद्दाम चुकवलेलं हे पहिलंच काम," ते पुटपुटले.

बाबांनी पुन्हा बोट टेकवले. एम, ए, एन, आय.

'नमी'.

मनी त्यांच्याजवळ वाकली. म्हणाली, "ओ, बाबा."

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर घासा, पुसा, त्यांना ऊन दाखवा. पण एखादी चूक दिसली, तर हात लावण्याआधी घरच्यांना विचारा. फुंकरकाका हल्ली विचारतात. फुंकर मारायच्याही आधी म्हणतात, "यातली कुठली चूक तशीच ठेवायचीय?"