दुसरी रेघ

“पाना लावल्याशिवाय रेघ ओढू नकोस हं, पोरी. तुझ्या बापाच्या रेघेवर माझा विश्वास आहे, पण बसतो मी दुसऱ्या रेघेवर,” बाबांची शर्यतीची मोटरसायकल चालवणारा घारूकाका म्हणाला होता.

तिने ते हसण्यावारी नेलं. “काका, बाबांनी आवळलेला बोल्ट मी तपासायचा म्हणजे सूर्याला बॅटरी दाखवण्यातला प्रकार!” असं म्हणून तिने पांढऱ्या रंगाचा ब्रश कानावर खोचला आणि पुन्हा आपल्या बाळाच्या टोपलीत डोकावली. बाळ झोपलं होतं. तरी तिने त्याच्या नाकाखाली बोट धरून पाहिलं. दिवसातून वीसदा पाहायची.

वर्कशॉपची रीत जुनी होती. जो बोल्ट आवळेल त्याने बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या धातूपर्यंत पिवळी रेघ ओढायची. मग दुसऱ्याने नव्याने पाना लावायचा, बोल्ट हलत नाही याची खात्री करायची आणि पिवळ्याशेजारी पांढरी रेघ ओढायची. पुढे बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. बावीस वर्षं पांढरी रेघ तिच्या आईची होती. आई गेली आणि ब्रश लेकीकडे आला. लेक कॉलेजात शिकलेली, हुशार, पण पान्यापेक्षा पुस्तकात रमणारी.

ती मोटरसायकल, सगळ्यांची ‘गाडी’, म्हणजे बाबांचं दुसरं अपत्यच. पाचशे सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, दोन सिलिंडर पुढे, दोन मागे, असा चौकोन. चारही सिलिंडरच्या धुराच्या नळ्या बाबांनी पत्रा वळवून, शंकूला शंकू जोडून घडवलेल्या. प्रत्येकीचं पोट वेगळं, कारण नळीच्या पोटात धुराची लाट कुठे आपटून परत येते, त्यावर ताकद ठरते. इंजिन मिनिटाला सात हजार फेऱ्यांच्या खाली असलं की गाडी रुसून बसायची आणि वर गेली की अंगावर यायची. “खाली नवी सून, वर सासू,” काका म्हणायचा. तिच्यावर त्याने पहिल्याच हंगामात चार ग्रां प्री शर्यती जिंकल्या. तिसऱ्या हंगामात भर वेगात पिस्टन जाम झाला, तेव्हा डाव्या हाताची दोन बोटं सदा क्लचवर ठेवायच्या सवयीने चाक लगेच इंजिनापासून सुटं करता आलं आणि तो वाचला. पुढे मोठ्या कारखान्यांचे संघ आले, त्यांच्या पैशापुढे टिकाव लागेना आणि गाडी ताडपत्रीखाली गेली.

आता, जिथे पहिली शर्यत जिंकली त्याच ट्रॅकवर जुन्या गाड्यांच्या तीन प्रदर्शनी फेऱ्या होत्या. काका अडुसष्ट वर्षांचा, पण बोलावणं येताच त्याने जुना चामडी सूट काढला. “पोट मावत नाही रे!” तो ओरडला. “पोट तू कापून घे, सूट मी उसवणार नाही,” बाबा म्हणाले.

आदल्या दिवशी दुपारी बाबा बोल्ट आवळत होते आणि ती मागोमाग तपासत होती. पहिल्या नऊ बोल्टना तिने पाना लावला. एकही हलला नाही. दहाव्यापासून तिने नुसत्या रेघा ओढल्या. बाबा पुढच्या ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे चाकाची तबकडी दोन्ही बाजूंनी दाबणारी पकड, बसवत होते. वरचा बोल्ट आवळून झाला, खालचा नुसता हाताने फिरवून बसवला, तेवढ्यात बाळाला ठसका लागला. बाबांनी पाना टाकला आणि तिच्याआधी टोपलीशी पोचले. नातवाला खांद्यावर घेऊन थोपटलं, “काही नाही रे राजा,” म्हणत येरझाऱ्या घातल्या. बाळ निवल्यावर परत येऊन त्यांनी दोन्ही बोल्टवर पिवळ्या रेघा ओढल्या. तिने बाळाला कडेवर घेऊन, उरलेल्या एका हाताने, पांढऱ्या.

दुसऱ्या फेरीत सरळ रस्त्याच्या टोकाशी काकाने ब्रेक दाबला. ती ट्रॅकच्या भिंतीशी उभी होती, बाळाचे कान दोन्ही तळव्यांनी झाकून. गाडीचा तो चिरत जाणारा आवाज एकाएकी थांबला. नंतर लोक धावताना दिसले. काका दवाखान्यापर्यंत पोचलाच नाही.

खालचा बोल्ट गवतात सापडला. तपासणाऱ्या अधिकाऱ्याने तो पिशवीत घालून दाखवला. डोक्यावर पिवळी आणि पांढरी, दोन्ही रेघा शाबूत. बाबांनी तो दिव्याखाली बराच वेळ धरला.

“दोन रेघा आहेत. म्हणजे तू तपासलास,” ते म्हणाले. “मग आटेच गेले असणार. ते मीच नव्याने पाडले होते. माझेच आटे.”

तिने पिशवी अधिकाऱ्याला परत दिली.

मग रोज सकाळी बाबा तपासणीहून परत आलेला कॅलिपर टेबलावर ठेवून बसू लागले. दुसरा बोल्ट घालायचा, काढायचा, भिंगातून आटे पाहायचे. चाळीस वर्षांत पाडलेले आटे आठवून आठवून विचारायचे, “त्या दुसऱ्या गाडीचं काय झालं असेल गं? तेही मीच केलं होतं.” जेवण समोर निवून जायचं. तिला कळत होतं की एका शब्दाने हे थांबेल. पण ती ताट उचलून आत जायची.

अकराव्या दिवशी त्यांनी फोनची वही काढली. ज्यांच्या ज्यांच्या गाड्यांना हात लावला, त्या सगळ्यांना सांगणार होते, माझं काम वापरू नका.

“बाबा, मी पाना लावला नव्हता,” ती म्हणाली.

त्यांना नीट ऐकू यायचं नाही, उघड्या नळ्यांच्या आवाजाने कान केव्हाच गेलेले. तिला ते पुन्हा, मोठ्याने सांगावं लागलं. “मी पाना लावला नव्हता! नुसती रेघ ओढली!”

“म्हणजे आटे चांगले होते,” ते हळूच म्हणाले. क्षणभर चेहरा सैल झाला. मग त्यांनी स्वतःचे हात उलटे करून पाहिले. “पण मग मीही लावला नव्हता.”

“बाळ ठसकलं म्हणून तुम्ही उठलात, बाबा. मी तर तिथेच होते.”

“त्याला मध्ये आणू नकोस. त्या लेकराने काय केलंय?” ते म्हणाले. तिला एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. ती आपल्या घरी निघताना बाळाने आजोबांकडे हात पसरले, तेव्हा बाबांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. “राहू दे. माझ्या हातात नको देऊस.”

आता तिच्या नवऱ्याची बदली झाली आहे आणि ती लांब, दुसऱ्या गावी राहते. बाबा तिकडे जायला तयार नाहीत. बाळ वर्षाचं होत आलं, अजून त्यांनी त्याला उचललेलं नाही. गॅस बंद केला का हे पाहायला ते पाच-पाचदा उठतात आणि शेवटी शेगडी पेटवतच नाहीत. फोनची घंटा त्यांना ऐकू येत नाही. कालपासून तिने सात वेळा लावला.

वर्कशॉपच्या गल्लीत तुमचं जाणं-येणं असेल तर आजच एकदा डोकावा. शटर अर्ध्यावर असतं. हाक मारून उपयोग नाही, वाकून आत जा आणि समोर उभे राहा. जेवलेत का, तेवढं बघा, आणि तिला कळवा.