बिनआवाजाची मोटार

दुकानदाराने तिसरी मोटार खोक्यातून बाहेर काढली, तिचा लांब दांडा टेबलावर आडवा ठेवला आणि पंख्याला बोटाने एक गिरकी दिली.

"ही बघा. पंचावन्न पौंडांचा जोर. तुमची बोट जाळ्यांसकट ओढेल."

"एकट्या माणसाला चालवता येईल ना?" तिने विचारलं.

"काकू, हे तुम्ही तिसऱ्यांदा विचारताय." दुकानदार हसला. "येईल की. एका हातात हँडल धरायचं, दुसऱ्या हाताने जाळं सोडायचं. पण तुम्ही असताच ना बोटीत?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो वाकून मोटारीचे स्क्रू चाचपत होता, जणू हे बोलणं शेजारच्या घरात चाललं होतं.

तलावाचं पाणी शहराला प्यायला जायचं. पुढच्या महिन्यापासून त्यावर तेलाची इंजिनं बंद होणार होती. बाकीच्या मासेमारांनी बॅटरीच्या मोटारी कधीच बसवल्या होत्या. हाच आज-उद्या करत राहिला होता. शेवटी तिनेच त्याला जवळजवळ ओढत दुकानात आणलं. तिला घाई होती, आणि त्या घाईचं कारण तिने त्याला सांगितलं नव्हतं. थोरल्या बहिणीचं शिवणकामाचं दुकान होतं, वरची खोली रिकामी होती. मोटार बसली की येते, असं तिने बहिणीला कळवून टाकलं होतं.

भांडण असं काही झालंच नव्हतं. झालं असतं तर बरं, असं तिला वाटायचं. गेलं दीड वर्ष नवऱ्याने तिच्या बोलण्याला उत्तर देणं हळूहळू सोडलं होतं. ती स्वयंपाकघरातून काही विचारायची आणि हा दाराबाहेर जाळं दुरुस्त करत बसलेला, मानसुद्धा वळवायचा नाही. पुन्हा विचारलं तर नुसतं "हं". मुलीला नोकरी लागल्याचं तिने धावत येऊन त्याच्या पाठीमागून सांगितलं, तर म्हणाला, "उद्या वारा पडेल." त्या दिवशी तिने घासलेलीच भांडी पुन्हा घासली होती. एकतीस वर्षं एका बोटीत काढल्यावर माणूस माणसाला विटतो, अशी तिने मनाची समजूत घातली. पण भिंतीशीच बोलायचं तर त्यासाठी पाण्यात कशाला जायचं?

"एकदा पाण्यात घालून बघा," दुकानदार म्हणाला.

नवरा जागचा हलला नाही. दुकानदाराने मोटार उचलून धक्क्याकडे हात केला, तेव्हा मात्र तो लगेच पुढे झाला.

वारा चांगलाच सुटला होता. दुकानदाराने मोटार बोटीच्या मागच्या फळीवर आवळली, बॅटरीच्या तारा जोडल्या आणि धक्क्यावरून बजावलं, "पिंपांच्या अलीकडूनच वळा. सांडव्यावरून पाणी चालू आहे."

पिवळ्या पिंपांची एक ओळ दोराने बांधून तलावभर आडवी सोडलेली होती. तिच्यापलीकडे थोड्याच अंतरावर पाणी काठासारखं संपत होतं, आणि तिथून एक सलग, जड आवाज येत होता.

ती नेहमीसारखी पुढे बसली, पाण्याकडे तोंड करून. बोट निघाली. जुनं इंजिन सुरू झालं की फळ्याच काय, दातसुद्धा हलायचे. ही मोटार नुसती बारीक गुणगुणत होती. तिने एकदा मागे पाहिलं. नवऱ्याने मोटारीच्या डोक्यावर पंजा टेकला होता. मग त्याने तो काढला, हँडल पिळलं, पुन्हा टेकला. नवी वस्तू आहे, बघतोय, असं म्हणून तिने तोंड फिरवलं.

तलावाच्या मध्यावर बोटीखाली खट्ट झालं. बुडालेलं एखादं खोड असावं. गुणगुण एकाएकी चढली आणि किंचाळल्यासारखी झाली.

"अहो, काहीतरी तुटलं," ती म्हणाली.

उत्तर नाही. मोटार तशीच किंचाळत होती, आणि बोटीचं नाक हळूहळू वाऱ्याबरोबर फिरत होतं.

"अहो, बंद करा ती."

काही नाही. समोरचं पहिलं पिवळं पिंप आता बाजूला आलं होतं, मघापेक्षा बरंच मोठं दिसत होतं. तिच्या डोक्यात तिडीक गेली. इथेसुद्धा? सांडवा समोर असताना हा माणूस हट्टाने गप्प बसतो?

"अहो!"

ती वळली. तो ताठ बसला होता, नजर काठावर. एका हाताने हँडल डावीकडे रेटत होता, आणि बोट का वळत नाही हे त्याला कळत नव्हतं. त्याने वेग वाढवला. आवाज कानात सुईसारखा घुसला. त्याच्या चेहऱ्यावर रेघही उमटली नाही.

ती गुडघ्यांवर रांगत मागे निघाली. बोट कलली तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलं.

"जागेवर बस! उलटशील."

तिने त्याचा गुडघा पकडला. बोलायला तोंड उघडलं, पण धाप एवढी लागली होती की आवाज फुटलाच नाही. नुसते ओठ हलले: पंखा फिरत नाही.

"फिरत नाही?" तो म्हणाला, आणि झटकन मागे वळून त्याने मोटार पाण्याबाहेर उचलली. दांडा किंचाळत होता, पंखा टोकाशी मेल्यासारखा लटकत होता.

आपण काहीच बोललो नव्हतो, हे तिला माहीत होतं. त्याची नजर अजूनही तिच्या ओठांवर खिळलेली होती, पुढच्या शब्दाची वाट बघत.

"वल्ही," तिने ओठांनीच म्हटलं.

त्याने फळीखालून वल्ही ओढून काढली. एक तिने घेतलं, एक त्याने. बोटीची कड पिंपावर खरवडत गेली, दोर ताणला गेला, आणि पाणी बोटीला त्या दोरावर दाबत राहिलं. तिने वल्हं पिंपाला टेकवून सगळं अंग त्यावर घातलं. तो तिच्याकडे बघून, तिची पाठ वाकली की आपली वाकवत, वल्हं मारत होता. चौथ्या की पाचव्या झटक्याला बोट सुटली. दोघांनी वल्हवत ती धक्क्याला आणली. तिच्या तळहातांची सालटी निघाली होती, पण तिला ते नंतर कळलं.

दुकानदार धक्क्यावर घामाघूम होऊन उभा होता.

"पंख्याची पिन तुटली," तो मोटार उतरवत, खाली मान घालून म्हणाला. "खोडाला लागलं की तुटते, बदलायला दोन मिनिटं लागत नाहीत. पण काका, तुम्ही थांबलात कसे नाही? पिन गेली की ती केवढी ओरडते! ऐकू नाही आलं?"

नवरा दोर गुंडाळत होता. त्याने दुकानदाराच्या वाकलेल्या डोक्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याचे हात थांबले.

"वारा केवढा होता," ती म्हणाली. "नाही ऐकू आलं. आम्हा दोघांनाही."

दुकानात परतल्यावर ती खुर्चीवर बसली नाही. फळ्यांवर मांडलेल्या मोटारींसमोरून एक चक्कर मारून आली.

"यात दिवा असलेली कुठली? चालतेय की नाही, हे डोळ्यांना दिसेल अशी."

"आहे ना." दुकानदाराने कोपऱ्यातल्या मोठ्या खोक्याकडे बोट दाखवलं. "हिच्यावर आकडे येतात. पंखा मोकळा फिरायला लागला की लाल दिवा लागतो. पण हिला दुहेरी बॅटरी लागते. धक्क्यावरून बोटीत उतरवायची तर दोन माणसं हवीत. आणि तुम्ही तर मघापासून एकट्याला चालेल अशी—"

"मघाशी म्हणत होते."

दुकानदार जास्तीच्या पिना शोधायला आत गेला. नवरा टेबलाशी येऊन उभा राहिला.

"काय ठरलं?" त्याने हळूच विचारलं.

ती खिडकीकडे सरकली, उजेड तोंडावर पडेल अशी, आणि आवाज न वाढवता त्याला सांगितलं. दिव्याचं, आकड्यांचं, दोन बॅटऱ्यांचं. तो शेवटपर्यंत बघत राहिला. मग टेबलाच्या कडेवरचा नसलेला धागा काढत बसला.

"इंजिनाचं बरं होतं," तो म्हणाला. "पायांना कळायचं."

तिने मान हलवली.

"तू कंटाळशील असं वाटलं. सारखं सारखं सांगायला."

दुकानदार पिनांची पुडी घेऊन बाहेर आला. नवरा खाली वाकून खोक्याखाली हात घालत होता. तिने दुसरी बाजू धरली आणि तो मान वर करेपर्यंत थांबली, मगच म्हणाली, "उचला."