माशांना धूर देऊ नये

शनिवार, सकाळी साडेसहा वाजता, एका चार मजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरील स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून उभ्या असलेल्या पत्नीने आणि स्टुलावर बसून बूट चढवणाऱ्या पतीने पुढील करार मान्य केला: दोन दिवस, तीन ठिकाणे, म्हणजे पक्ष्यांचे तळे, राखीव जंगल आणि कड्याखालची घळ, या अवधीत पतीने कोणत्याही पाटीवरील एकही चूक दाखवायची नाही. दाखवल्यास ही त्याची अखेरची सहल. साक्षीला पत्नीचा धाकटा भाऊ हजर होता. तो दातांचा डॉक्टर असल्यामुळे लोकांनी तोंड बंद ठेवणे त्याला परवडणारे नव्हते. पण या एका तोंडापुरता त्याने अपवाद केला.

पती निवृत्त मुद्रितशोधक होता. बत्तीस वर्षे छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका निस्तरल्यावर, घरी कच्चा माल मिळेनासा झाला म्हणून तो दुकानांच्या पाट्यांवर आणि औषधांच्या वेष्टनांवर गुजराण करीत असे. मेहुणा त्याला पाठीमागे ‘शुद्धिपत्र’ म्हणे, आणि तोंडावरही. गेल्या वर्षी एका अभयारण्याच्या दारातच त्याने तिकीटवाल्याशी एका वेलांटीवरून असा काही वाद घातला, की वाद मिटला तेव्हा अभयारण्य बंद झाले होते. त्यानंतर बायको दोनदा भावाबरोबर परस्पर फिरून आली. त्या दोन रविवारी रिकाम्या घरात शुद्धिपत्राला एक कटू सत्य उमगले: ऐकायला कोणी नसेल तर बरोबर असण्यात काही राम नाही. शिवाय, हे तो फासावर चढवला तरी कबूल करणार नव्हता, पण गाडीत बायकोच्या शेजारी बसायला त्याला आवडत असे.

तळ्याकाठी पहिलीच पाटी आडवी आली: ‘पक्षांना खाऊ घालू नये.’

शुद्धिपत्राची कानशिले तापली. ‘पक्षी’चे होते ‘पक्ष्यांना’. ‘पक्षांना’ म्हणजे राजकीय पक्षांना. त्यांना खाऊ घालू नये हे तत्त्व म्हणून उत्तमच. पण तो अधिकार वनखात्याचा नव्हे! त्याने ओठ आवळले.

“भावजी, काही म्हणालात?” मेहुण्याने दुर्बिणीआडून विचारले.

“हवा छान आहे.”

“घाम फुटलाय तुम्हाला.”

“घामही छान आहे.”

“अहो, जीभ नका चावू एवढी,” बायको म्हणाली.

“चावू दे गं ताई. टाके घालायला मी आहेच. घरचं गिऱ्हाईक.”

बायको खो खो हसली. हसता हसता तिने नवऱ्याच्या खांद्यावर हात टेकला आणि तो तिथेच राहू दिला. गेल्या कित्येक वर्षांत व्याकरणाने त्याला इतके काही दिले नव्हते.

मग मात्र तो इरेला पेटला. विश्रामगृहाच्या न्हाणीघरात ‘नळ चालु ठेवु नये’ असे लिहिले होते. एका ओळीत दोन उकारांचा खून. प्रेताचे तोंड झाकावे तसा त्याने त्या पाटीवर टॉवेल टाकला आणि भिंतीकडे पाठ करून आंघोळ उरकली. दुसऱ्या दिवशी सकाळी राखीव जंगलात पाटीवर ‘दुर्मीळ’चे ‘दुर्मिळ’ झालेल्या सतरा झाडांसमोरून तो मेंढरासारखा मुकाट चालत गेला.

रविवारी दुपारी तिघे घळीत उतरले. करार अजून शाबूत होता, आणि परत फिरायला उणापुरा एक तास उरला होता. बायकोने तर पुढच्या महिन्यातल्या धबधब्याचा विषयही काढला होता, तोही “आपण तिघं जाऊ” असा. ते ‘तिघं’ शुद्धिपत्राने मनात चार वेळा घोळवून पाहिले. एकही चूक सापडली नाही.

घळीत ओढा होता आणि त्यावर पुढे झुकलेला उंच कडा. मेहुण्याने तीन दगड मांडून चहासाठी चूल केली, तिच्यात दमट पालापाचोळा कोंबला, आणि काडी ओढणार तोच त्याला पाटी दिसली: ‘सावधान! येथे माशांना धूर देऊ नये.’

“म्हणजे इथे मासे भाजायचे नाहीत,” मेहुण्याने अर्थ लावला. “आपल्याकडे मासेच नाहीत. कायद्यातून आपण सुटलो!” त्याने काडी ओढली.

शुद्धिपत्राने ओढ्याकडे पाहिले. पाणी घोट्याएवढे, त्यात मासा सोडाच, बेडकाचे पोरही नव्हते. मग त्याने मान वर केली. कड्याच्या पोटाला सुपाएवढी सात काळी पोळी लोंबत होती.

माशांना नव्हे, माश्यांना!

बोलावे तर धबधबा हातचा गेला. न बोलावे तर मेहुणा गेला. मेहुणा गेला तर कितपत बिघडेल, याचा त्याने प्रामाणिकपणे विचार केला. परंतु धूर बायकोच्या डोक्यावरून वर चढत होता.

“थांबा!” तो गरजला. “पाटी चुकली आहे!”

“हरलात!” मेहुण्याने टाळी वाजवली. “ताई, ऐकलंस ना?”

“आधी माझं ऐका. ‘मासा’ हे आकारान्त पुल्लिंगी नाम. त्याचं अनेकवचनी सामान्यरूप ‘माशां’, म्हणून ‘माशांना’. याउलट ‘माशी’ हे ईकारान्त स्त्रीलिंगी...”

‘स्त्रीलिंगी’ पुरते उच्चारून होण्याआधीच बायको पर्स उचलून पळत सुटली होती. चौतीस वर्षांच्या संसारात एवढे व्याकरण तिच्या अंगात नाइलाजाने भिनले होते. मेहुणा मात्र भाषेच्या पेपरात जन्मभर काठावर पास झालेला. तो चुलीत फुंकर घालत म्हणाला, “स्त्रीलिंगी तर स्त्रीलिंगी. फरक काय पडतो?”

“फरक यकाराचा,” शुद्धिपत्र म्हणाले, आणि त्याच क्षणी फरक वरून खाली उतरला.

अर्ध्या तासाने, पायथ्याच्या चौकीत, वनरक्षकाने मेहुण्याच्या मानेतून अकरा नांग्या खरवडून काढल्या. शुद्धिपत्राला एकच माशी चावली होती, पण खालच्या ओठाला. नियम पुरा करायला तो जागेवर थांबला होता ना.

“एवढी पाटी लावली आहे तिथे,” वनरक्षक म्हणाला. “वाचता येत नाही का तुम्हाला?”

शुद्धिपत्राच्या डोळ्यांत पाणी आले. ते ओठामुळे नव्हते.

“ताई, निकाल दे,” मेहुणा मान वाकडी धरून म्हणाला. “पाटी चुकली असं हे स्वतःच्या तोंडाने बोलले. करार म्हणजे करार.”

आपण चूक दाखवली नाही, धोक्याचा इशारा दिला, असा युक्तिवाद शुद्धिपत्राने केला. पण सुजलेल्या ओठातून पवर्गातले एकही अक्षर बाहेर पडेना, त्यामुळे तो कोणाला कळला नाही. बायकोला कळला. तिने ओल्या रुमालाची घडी करून त्याच्या ओठावर ठेवली आणि निकाल दिला:

“हरलात तुम्ही. पण धबधब्याला येणार, कारण या गाढवाला माश्या वाचता येत नाहीत. फक्त यापुढे आधी ‘पळा’ म्हणायचं, लिंग-वचन मागून.”