डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी खिशातच होतो

“डॉक्टरबाई, पंप औषधात धरायचा का?”

मित्रांनो, हा प्रश्न प्रियदर्शनीने अख्ख्या दहावीसमोर उभं राहून विचारला. शाळेत आरोग्य तपासणीला डॉक्टरबाई आल्या होत्या. “आमच्यापुढं लई बोलतीस, आता उठून विचार की. धाडस असंल तर बघू,” असं म्हणून इरावतीने तिला डिवचलं होतं आणि बाकीच्या मैत्रिणी खाली मान घालून हसत होत्या. प्रियदर्शनी उठली. तिच्या मुठीत मी होतो, आणि प्रश्न माझ्याबद्दलच होता.

मी एक जुना श्वासाचा पंप आहे. दिसायला शिट्टीसारखा. माझ्या पोटात कॅप्सूल ठेवायची, ती फोडायची आणि मला ओठांत धरून जोरात श्वास ओढायचा. मग आतली पूड थेट छातीत जाते. कारखान्यात माझ्यासारखे खूप जण होते. कोण कुणाच्या छातीला लागणार, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मी मंगळवार पेठेतल्या औषधाच्या दुकानात आलो आणि तिथून उदयसिंहरावांच्या खिशात. ते प्रियदर्शनीचे पप्पा.

उदयसिंहराव शिरोलीच्या एका फाउंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, काम करतात. साच्यांच्या वाळूची बारीक धूळ वर्षानुवर्षं त्यांच्या छातीत जाऊन बसली होती. पहिल्या दिवशी त्यांनी कॅप्सूल चहाबरोबर गिळून टाकली आणि मला रिकामाच तोंडात धरून ओढलं. प्रियदर्शनी इतकी हसली की तिलाच ठसका लागला. मग डबीवरची चित्रं बघून तिनेच त्यांना शिकवलं.

काही दिवसांत ते रंकाळा तलावावर न थांबता चालायला लागले. त्यांच्या पत्नी, अनुजाताई, मागून म्हणायच्या, “अहो, जरा बेतानं चाला की. मला काय पंप न्हाय.” माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात मोठं कौतुक.

तरीही ते मला रुमालात गुंडाळूनच ठेवत. पंप लागला म्हणजे माणूस संपला, असं त्यांच्याकडे कामावर म्हणतात. मला वाईट वाटायचं, पण मी काम सोडलं नाही.

मग त्यांच्या बरगडीवर नागीण उठली. फोड सुकले, आग मात्र राहिली. शर्टाचं कापड घासलं तरी ते दात आवळायचे. शेवटी ते नसांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी गोळ्या लिहिण्याआधी विचारलं, “दुसरं कुठलं औषध चालू आहे?”

“न्हाय ओ डॉक्टर. काय न्हाय.”

मित्रांनो, मी तेव्हा त्यांच्या खिशातच होतो. ते खोटं बोलत नव्हते हो. त्यांच्या हिशेबात औषध म्हणजे पाण्याबरोबर गिळायची गोळी. पंप म्हणजे चष्म्यासारखी एक वस्तू. चष्म्याला कोण औषध म्हणतं? मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण रुमालातून आवाज कसा फुटणार?

गोळ्यांनी आग कमी झाली, झोप लागली. सगळे खूश. पण हळूहळू त्यांचं तोंड इतकं सुकायला लागलं की भाकरीचा घास फिरेना. पेपरातली अक्षरं पुसट दिसायला लागली. लघवीला वेळ लागायचा. अनुजाताई दारावर थाप मारून विचारायच्या, “अहो, झोपलासा काय आत?”

एके दिवशी वितळलेल्या लोखंडाजवळ त्यांचा तोल गेला. शेजारी काम करणाऱ्या गुंडूने दंड धरून मागे ओढलं म्हणून वाचले. घरी आल्यावर त्यांनी मला हातात घेतलं. “ह्या पंपानंच तोंड वाळतंय. आता बास.” आणि मला गव्हाच्या पिंपामागे टाकून दिलं.

तिथे अंधारात मला त्यांची छाती ऐकू यायची. आधी थोडी घरघर. मग जास्त. जिना चढून आले की बराच वेळ त्यांना बोलता यायचं नाही. मी चार हातांवर होतो आणि काही करू शकत नव्हतो. शेवटी प्रियदर्शनीने मला शोधलं, ओढणीच्या टोकाने पुसलं आणि दप्तरात घालून शाळेत नेलं.

तिचा प्रश्न ऐकून डॉक्टरबाई हसल्या नाहीत. सोबत कुठल्या गोळ्या चालू आहेत, हे त्यांनी विचारलं; ती म्हणाली, नसांच्या दुखण्याच्या. मग त्या म्हणाल्या, “धरायचा. पंपात औषधच असतं. काही पंपांनी तोंड सुकतं, लघवी अडते. नसांच्या दुखण्यावरच्या काही गोळ्यांनीही तेच होतं, शिवाय पुसट दिसतं, गरगरतं. दोन्ही एकत्र आले की त्रास वाढू शकतो. सगळ्यांना होतो असं नाही. पण डॉक्टरांना दोन्ही माहीत पाहिजेत. आणि मनानं काहीच बंद करायचं नाही. कुणाला असं होतंय का तुझ्या घरी? मग आजच दाखवा.”

मागे इरावतीचं हसू थांबलं होतं.

संध्याकाळी उदयसिंहराव धापा टाकत घरी आले. तिने सगळं सांगितलं. ते खेकसले, “शाळेत पंप दाखवलास? आता गावभर होईल. उद्या तुझ्या लग्नात विचारतील, ह्यांच्यात दमा हाय काय.”

“विचारू देत की. मी सांगीन, व्हय, आणि पंप पण हाय.”

अनुजाताईंनी तोंडाला पदर लावला. हसल्या की रडल्या, मला दिसलं नाही.

मित्रांनो, पूर्वी मी तुमच्याकडे एवढंच मागितलं असतं, की मला पुसून कोरड्या जागी ठेवा. आता मागणं वेगळं आहे. कुणी विचारलं, दुसरं काय चालू आहे, तर मला लपवू नका. मी लपलो की तुमचा डॉक्टर अर्ध्याच माणसाला तपासतो.

प्रियदर्शनीने मला आणि गोळ्यांचं पाकीट एकाच पिशवीत घातलं. पप्पांच्या चपला उंबऱ्याशी सरळ करून ठेवल्या.

“आई, गॅस बंद कर. पप्पा, दवाखाना अजून उघडा हाय, आपण तिघं आत्ताच निघायचं. डॉक्टर विचारतील तेव्हा तुम्ही गप बसायचं. मी सांगणार.”